गोळी आणि चूर्ण एकाच कागदावर

मधुमेहाचा माझ्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ लागला आहे, हे मला कोणत्याही त्रासावरून कळले नाही. पायांना सूज नव्हती, लघवीला जळजळ नव्हती, जिना चढताना दम लागत नव्हता. वार्षिक तपासणीच्या वेळी आमच्या साताऱ्यातील डॉक्टरांनी लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर मोजून घ्यायला सांगितले आणि ते एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे १८६ मिलिग्रॅम आले. हा आकडा ३० च्या आत असावा लागतो. ३० च्या पुढे गेला, तर मूत्रपिंडाची गाळणी प्रथिने धरून ठेवण्यात कमी पडू लागली आहे असे समजतात आणि ३०० च्या पुढे गेला, तर नुकसान बरेच पुढे गेलेले असते. एका नमुन्यावर निदान करत नाहीत, कारण ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, आदल्या दिवशीचे जास्तीचे श्रम किंवा वाढलेली साखर यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढू शकते. म्हणून पुढच्या काही महिन्यांत सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने पुन्हा दिले आणि तेही त्याच पट्ट्यात आले.

रक्तातील क्रिएटिनिन १.०३ होते आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ते सामान्य म्हणून छापलेले होते. मी बासष्ट वर्षांची आहे. माझे वय आणि लिंग सूत्रात घालून डॉक्टरांनी मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग काढला, तेव्हा तो मिनिटाला ६१ मिलिलिटर निघाला, म्हणजे ज्या वेगाला निरोगी म्हणतात त्याहून बराच कमी. शाळेत मी विज्ञान शिकवत असे, त्यामुळे आकडे वाचायची मला सवय आहे, आणि तरीही नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबून कित्येक वर्षे निर्धास्त राहता येते ही गोष्ट मला फार गंभीर वाटली. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी लघवीची ही साधी, स्वस्त चाचणी दर वर्षी करून घ्यावी, एवढे मी ओळखीच्या प्रत्येकाला आवर्जून सांगत असते.

पुण्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी टेल्मिसार्टन सुरू केले. माझा रक्तदाब फारसा वाढलेला नव्हता, म्हणून मी कारण विचारले. मधुमेहात मूत्रपिंडातील सूक्ष्म केशवाहिन्यांच्या गुच्छांत दाब वाढतो. गुच्छात रक्त आणणाऱ्या वाहिनीपेक्षा बाहेर नेणारी वाहिनी अधिक आवळलेली राहते आणि त्या दाबाने गाळणी झिजत जाते. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधे बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो आणि अल्ब्युमिनची गळती कमी होते. या गटाची उपयुक्तता २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी पक्की केली. त्यांपैकी लोसार्टनच्या चाचणीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे १५१३ रुग्ण होते आणि मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याची जोखीम २८ टक्क्यांनी घटली होती. डॉक्टरांनी दुसरे औषधही तेव्हाच सांगून ठेवले, डापाग्लिफ्लोझिन. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण होते आणि बहुतेकांना पहिल्या गटातील औषध आधीपासून चालू होते. म्हणजे एका औषधावर दुसरे घातल्याने अधिक संरक्षण मिळते का, हा प्रश्न तिथे नीट तपासला गेला आणि उत्तर होकारार्थी आले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भारतात या औषधाचे पेटंट संपले आणि किंमत एकदम उतरली, म्हणून ते माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या आवाक्यात आले.

एवढे झाल्यावर वनौषधींचा विषय घरात आला, आणि तो येणारच होता. माझ्या नणंदबाईंनी पुनर्नव्याच्या घनवटीची, म्हणजे आटवलेल्या अर्काच्या गोळ्यांची, बाटली पाठवली, जाऊबाईंनी गुडमार आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण आणून दिले, ह्यांच्या मित्रांनी गोखरूच्या काढ्याची भरड दिली आणि शेजारच्या एका गृहस्थांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या, ज्यांत काळ्या मिरीचा अर्क घातलेला होता. प्रत्येकाने ते प्रेमाने दिले होते. माझ्या आईच्या घरी आजारपणात वैद्यांचा काढा आधी येई आणि डॉक्टर नंतर येत, त्यामुळे या वनस्पतींबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो आजही तसाच आहे. परंतु आदर वाटतो म्हणून कोणतीही गोष्ट न विचारता पोटात घ्यावी, असे मला वाटत नाही. मी सगळ्या बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत भरल्या, गोळ्यांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद सोबत घेतले आणि आमच्या वैद्यबाईंकडे गेले. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण द्रव्यगुण या विषयात, म्हणजे औषधी वनस्पतींच्या गुणधर्मांच्या शास्त्रात झाले आहे.

वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पण औषध दिले नाही. त्यांनी आधी तपासण्यांचे कागद वाचले आणि मग एक कोरा कागद घेऊन त्यावर डाव्या बाजूला माझ्या गोळ्या लिहिल्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अटोर्व्हास्टॅटिन, टेल्मिसार्टन. उजव्या बाजूला पिशवीतील प्रत्येक वनस्पतीचे नाव लिहिले आणि मग एकेक जोडी घेऊन विचार सुरू केला. “काकू, हे सगळं पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. मी देईन ते त्यांना माहीत असलं पाहिजे आणि ते देतील ते मला,” असे त्या म्हणाल्या. जवळजवळ तासभर चाललेली ही चर्चा मला या सगळ्या प्रवासातील सर्वांत मोलाची वाटते.

सुरुवात पुनर्नव्यापासून झाली. आपल्याकडे तिला घेटुळी म्हणतात आणि पावसाळ्यात तिची भाजी करतात. सूज आणि लघवीच्या तक्रारींवर तिचा वापर शतकानुशतके होत आला आहे. पण या वनस्पतीत पोटॅशियमचे क्षार बरेच असतात आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे शरीरातून पोटॅशियम बाहेर जाण्याला आवर घालतात. मूत्रपिंडे निरोगी असली, तर जास्तीचे पोटॅशियम ती बाहेर टाकतात. गाळण्याचा वेग मंदावला असेल आणि वर टेल्मिसार्टन चालू असेल, तर ते रक्तात साचू शकते. रक्तातील पोटॅशियम ५.५ च्या पुढे गेले तर काळजी घ्यावी लागते आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, तेही बहुधा आधी काही जाणवू न देता. वर्षातून चार वेळा घेटुळीची भाजी खाणे वेगळे आणि तिचा आटवलेला अर्क रोज दोनदा घेणे वेगळे, हे वैद्यबाईंनी मला बाटलीवरचे प्रमाण दाखवून समजावले. दहा किलो वनस्पतीपासून एक किलो अर्क काढलेला असेल, तर अर्ध्या ग्रॅमची एक गोळी पाच ग्रॅम वनस्पतीइतकी होते. कित्येक बाटल्यांवर हे प्रमाण छापलेलेच नसते आणि तेव्हा आपण किती घेत आहोत याचा अंदाज कोणालाच करता येत नाही.

गोखरूचा उल्लेख चरकांनी लघवी वाढवणाऱ्या द्रव्यांच्या गणात केलेला आहे. डापाग्लिफ्लोझिनही लघवीवाटे साखर आणि तिच्यासोबत पाणी व मीठ बाहेर काढते. दोन्ही एकत्र आल्यास शरीरातील पाणी उतरून रक्तदाब घसरू शकतो, आणि साताऱ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर ही शक्यता अधिक. गुडमार आणि जांभळाच्या बिया यांचा प्रश्न ग्लिमेपिराइडशी होता. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तिच्या जोडीला साखर उतरवणारे दुसरे द्रव्य घेतले, तर साखर नको तितकी खाली जाण्याचा धोका वाढतो, आणि मूत्रपिंडे थकलेली असताना अशी घसरण लवकर सावरत नाही. ज्येष्ठमध माझ्या पिशवीत नव्हता, पण खोकल्यासाठी मी तो अधूनमधून चघळत असे. त्यातील ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी धरले जाते आणि रक्तदाब चढतो, म्हणून तो रोज घेऊ नये असे त्यांनी कागदाच्या तळाशी लिहिले. आसव आणि अरिष्टे त्यांनी सरळ खोडली, कारण त्यांत गूळ किंवा साखर घालून आंबवण्याची क्रिया केलेली असते.

हळदीच्या कॅप्सूलवर आमचे बोलणे लांबले. हळदीतील कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषले जाते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की, मिरीतील पिपेरिन सोबत दिल्यास हे शोषण माणसात सुमारे वीसपट होते, आणि तेव्हापासून जगभरच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क येऊ लागला. पण पिपेरिन हे काम साधते ते शरीरातील विघटनाची प्रक्रिया मंद करून, आणि ती मंदावली की तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर औषधांची पातळीही बदलू शकते. माझ्या यादीतील अटोर्व्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) विघटित होते, त्या विकरालाही पिपेरिन अडवते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. आमटीत घातलेल्या मिरीने असे काही होत नाही. अडचण आहे ती शुद्ध करून मोठ्या मात्रेत रोज घेतलेल्या अर्काची. हळदीत ऑक्झलेट, म्हणजे मुतखड्यांत सापडणारा क्षारही असतो आणि हळदीच्या पूरक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक साचल्याचे रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. वैद्यबाईंनी मला मुतखड्याचा इतिहास आहे का, हे दोनदा विचारले.

मूत्रपिंडांच्या बाबतीत वनस्पतीची ओळख चुकली तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण बेल्जियमचे आहे. ब्रुसेल्समधील एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या चिनी वनौषधींच्या मिश्रणात एका वनस्पतीच्या जागी नावाने जवळची असलेली, ॲरिस्टोलोकिया कुळातील दुसरी वनस्पती आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने खराब झाली. १९९३ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. याच कुळातील ईश्वरी, जिला आपल्याकडे सापसंद म्हणतात, ती भारतातही औषध म्हणून वापरली गेली आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हाही गुळवेलीच्या जागी तिची दुसरी प्रजाती आली असावी का, हा वाद झालाच. पावडर झाल्यावर डोळ्यांनी काहीच ओळखता येत नाही. त्यासाठी ज्याच्या हातातून औषध येते त्याला मूळ वनस्पती ओळखता आली पाहिजे.

धातूंचा प्रश्न वेगळा. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या भागात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. भस्मे आणि रसौषधींमध्ये धातू संस्कार करून मुद्दाम वापरलेले असतात आणि तो एक स्वतंत्र विषय आहे, पण ज्याच्या मूत्रपिंडांतून आधीच प्रथिने गळू लागली आहेत त्याने त्यांपासून लांब राहावे, असे वैद्यबाईंचे स्पष्ट मत होते. ज्या पाकिटावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते, त्यात औषध कायद्याच्या अनुसूचीतील विषारी द्रव्य असू शकते, हेही त्यांनी मला दाखवले. शुद्ध वनस्पतीच्या चूर्णासाठी ठरवून दिलेल्या मर्यादाही आहेत: दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३.

तासाभराने कागदाची उजवी बाजू जवळजवळ खोडलेली होती. ज्या बाईंची उपजीविका वनौषधींवर आहे त्यांनी ती स्वतःच्या हाताने खोडली होती आणि त्यामुळे त्यांच्याबद्दलचा माझा विश्वास दुणावला.

मी स्वतः वाचन सुरू केले, तेव्हा मला वनौषधींच्या बाजूनेही काही पुरावा सापडला आणि तो सांगणे न्यायाचे आहे. इराणमध्ये मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या ४० रुग्णांवर हळदीची एक लहान चाचणी झाली होती आणि दोन महिन्यांनी त्यांच्या लघवीतील प्रथिने कमी झाली होती. पण पुढे कॅनडात सूक्ष्मकण स्वरूपातील कर्क्युमिन पाचशेहून अधिक मूत्रपिंडविकारग्रस्तांना सहा महिने दिले गेले आणि अल्ब्युमिन किंवा गाळण्याचा वेग यांवर त्याचा लाभ दिसला नाही. चीनमध्ये रानभेंडीच्या कुळातील एका वनस्पतीच्या फुलांचा अर्क टेल्मिसार्टनच्याच गटातील इर्बेसार्टनच्या जोडीने दिल्यावर, एकट्या इर्बेसार्टनपेक्षा अल्ब्युमिन अधिक घटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. हाँगकाँगमध्ये ॲस्ट्रॅगलस नावाच्या मुळीचा वापर नेहमीच्या औषधांना जोडून ४८ आठवडे केला गेला आणि गाळण्याच्या वेगाची घसरण मंदावल्याचे दिसले. ती चाचणी ११८ रुग्णांची होती. या दोन्ही चाचण्यांचे महत्त्व मला यासाठी वाटते की, त्यांत नेहमीची औषधे बंद करून वनौषधी दिलेली नाही, तर ती चालू ठेवून वर दिली आहे, मात्रा ठरलेली आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट आहे. आपल्या पुनर्नव्याची आणि गोखरूची अशीच, पुरेशा रुग्णांवर आणि पुरेसा काळ चाललेली परीक्षा व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणखी एका गोष्टीने माझा दृष्टिकोन बदलला. मी घेत असलेल्या गोळ्यांचे मूळ शोधत गेले, तेव्हा तिथेही निसर्गच सापडला. मेटफॉर्मिनचा वंश गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीपर्यंत जातो. डापाग्लिफ्लोझिनचा पूर्वज फ्लोरिझिन हा सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ साली वेगळा केला गेला. टेल्मिसार्टनच्या आधी ज्या कॅप्टोप्रिलने मधुमेही मूत्रपिंडाचे रक्षण होते हे १९९३ साली सिद्ध झाले, ते ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून जन्मले. फ्लोरिझिन आहे तसे औषध म्हणून चालले नाही, कारण ते आतड्यात तुटते आणि आतड्यातील, साखर वाहून नेणाऱ्या वाहक प्रथिनालाही अडवते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलून ते फक्त मूत्रपिंडातील वाहकावर बसेल असे केले आणि मग हजारो रुग्णांवर पडताळले. वनस्पतीतून औषधापर्यंतचा हा रस्ता लांब आहे, पण तो चालून गेलेली वनस्पती आपल्या घरात गोळीच्या रूपाने आधीच आलेली असते.

पुढचा क्रम दोघांनी मिळून ठरवला. वैद्यबाईंचा कागद मी पुण्याला नेला, तेव्हा डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला आणि त्याच कागदावर तीन ओळी लिहिल्या: एका वेळी एकच बदल करायचा, प्रत्येक बदलानंतर क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासायचे, आणि औषधांचा परिणाम स्थिर झाल्याशिवाय वनौषधी सुरू करायची नाही. यामागचे कारण मला लवकरच कळले. टेल्मिसार्टनची मात्रा ४० वरून ८० मिलिग्रॅम केल्यानंतर माझे क्रिएटिनिन १.०३ वरून १.१२ झाले आणि गाळण्याचा वेग ५६ पर्यंत उतरला. डॉक्टरांना हे अपेक्षित होते. गुच्छांतील दाब उतरला की, गाळण्याचा वेग सुरुवातीला थोडा घटतो, आणि क्रिएटिनिनची वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर औषध थांबवत नाहीत. त्याच आठवड्यात मी एखादा काढा सुरू केला असता, तर ही घट काढ्यामुळे झाली की गोळीमुळे, हे कोणालाच सांगता आले नसते. कदाचित काढ्याला विनाकारण दोष लागला असता, आणि काढ्याने खरोखर इजा होत असती, तर ती गोळीच्या नावाखाली झाकली गेली असती. पोटॅशियमही ४.६ वरून ५.१ झाले होते. पुनर्नव्याची ती बाटली त्या वेळी माझ्या पोटात जात नव्हती, याचे समाधान मला आजही वाटते.

नंतर डापाग्लिफ्लोझिन आले. ते सुरू करताना डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मे केले आणि पुढे बंदच केले. लघवीत साखर जात असल्याने जननांगाच्या स्वच्छतेकडे अधिक लक्ष द्यायला सांगितले. पोटॅशियम ४.८ वर आले. काही महिन्यांनी अल्ब्युमिनचे गुणोत्तर ८४ झाले आणि गाळण्याचा वेग ५७-५८ च्या आसपास स्थिरावला.

त्यानंतरच वैद्यबाईंनी निशामलकी सुचवली. हळद आणि आवळा यांची ही जोडी प्रमेहासाठी, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांसाठी, श्रेष्ठ असल्याचे आयुर्वेदाचे प्राचीन ग्रंथकार वाग्भट यांनी सांगितले आहे. त्यांनी सांगलीहून हळकुंडे मागवली आणि ती स्वतःसमोर दळून घेतली, कारण हळदीच्या पावडरीत रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे बांगलादेशातील अभ्यासात उघड झालेले आहे. आवळेही वाळवून त्यांच्याच देखरेखीखाली कुटले गेले. मात्रा दिवसाला तीन ग्रॅम, दोन वेळा विभागून; मिरी नाही, अर्क नाही. मुदत तीन महिने. या काळात दुसरी कोणतीही गोळी बदलायची नाही, आणि पोटॅशियम ५.५ च्या वर गेले, क्रिएटिनिन वाढले किंवा लघवीत ऑक्झलेटचे स्फटिक दिसले तर चूर्ण लगेच थांबवायचे, हे आधीच लिहून ठेवले. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला संमती दिली, पण त्यांनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली: अल्ब्युमिनचे हे गुणोत्तर एकाच माणसात, काहीही न बदलताही, तीस-चाळीस टक्क्यांनी सहज खालीवर होते, त्यामुळे लहान फरकाला अर्थ देऊ नये.

तीन महिन्यांनी गुणोत्तर ७९ आले. पोटॅशियम ४.७, क्रिएटिनिन आधीइतकेच, स्फटिक नाहीत. घरातल्या सगळ्यांना चूर्णाचा गुण आला असे वाटले आणि अभिनंदनाचे फोनही आले. वैद्यबाईंनी मात्र ८४ आणि ७९ हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि यात फरक आहे असे म्हणता येणार नाही, असे सांगितले. चूर्णाने अपाय झाला नाही, एवढेच यातून कळते; मूत्रपिंडाला त्याचा उपयोग झाला, हे कळत नाही. हळद आणि आवळा आहारात येतातच, म्हणून वेगळे चूर्ण त्यांनी थांबवले. थांबवल्यानंतरच्या तपासणीत गुणोत्तर ८८ आले आणि तोही त्याच पट्ट्यातला आकडा होता.

मिठाच्या बाबतीत मात्र वैद्यबाई आणि डॉक्टर दोघेही सारखेच कडक होते आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होते. मीठ जास्त असेल, तर टेल्मिसार्टनसारख्या औषधांचा अल्ब्युमिनवरचा परिणाम मंदावतो. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायचे म्हटले, तर लोणचे, पापड, खारी शेव, चटणी आणि ताकात वरून घातलेले मीठ हे सगळे मोजावे लागते, आणि पापडखारातही सोडियमच असते. सैंधव मीठ चालते हा समजही टिकत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आणि बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मी मुद्दाम टाळते, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यासाठी त्याची अडचण पुनर्नव्यासारखीच आहे. उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन खाणेपिणे थांबले, तर टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, हेही माझ्या कागदावर लाल शाईने लिहिलेले आहे. निर्जळी उपवास मी बंद केले आहेत. आषाढी एकादशीला मी फळे, ताक आणि भगर घेऊन, डॉक्टरांना विचारून उपवास करते, कारण डापाग्लिफ्लोझिन चालू असताना रिकाम्या पोटी शरीरात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचण्याचा धोका असतो. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणणेही बंद केले आहे, कारण ती मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. ही मनाई वैद्यबाईंच्या आणि डॉक्टरांच्या, दोघांच्याही हस्ताक्षरात आहे.

ज्यांनी पुनर्नव्याची बाटली पाठवली होती त्या नणंदबाईंना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि टेल्मिसार्टन त्यांनाही चालू आहे. ती घनवटी त्या स्वतःही घेत होत्या आणि त्यांच्या डॉक्टरांना त्याची कल्पना नव्हती. मी त्यांना दोष दिला नाही, फक्त माझा कागद दाखवला. त्यांनी लघवीची चाचणी आजवर एकदाही केलेली नव्हती. आम्ही दोघी मिळून ती करून आलो, रक्तातील पोटॅशियमही तपासले आणि ते ५.४ आले. त्यांच्या डॉक्टरांनी घनवटी त्याच दिवशी थांबवली आणि आठवड्याभरात पुन्हा तपासायला सांगितले. आता वैद्यबाई त्यांच्यासाठीही तसाच एक कागद तयार करत आहेत, आणि त्यांच्या फाईलमधील औषधे डाव्या बाजूला लिहून झाली आहेत.